हजेरीपट आणि घर : केळापूरच्या निमित्ताने

विदर्भातील शाळा जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. उन्हाची काहिली ओसरल्यावाचून येथे वर्ग भरविणे शक्य नसते, म्हणून राज्याच्या इतर भागांच्या मानाने हा प्रारंभ थोडा उशिराचा. त्याच सुमारास वसतिगृहांच्या दारी पालकांची रीघ लागते आणि फादर-सिस्टरांच्या टेबलावर प्रवेशअर्जांचा ढीग साचतो. या अर्जात ‘घरची परिस्थिती’ असा एक रकाना असतो. बहुतेक पालक तेथे ‘गरीब’ किंवा ‘बेताची’ एवढाच शब्द लिहितात, आणि अर्ज तपासणारे आम्हीही तेवढ्यावर समाधान मानून गुणपत्रिकेकडे वळतो. वास्तविक गुणपत्रिकेचा अर्धाअधिक उलगडा त्या रकान्यात व्हावयास हवा. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या निमित्ताने त्या एका शब्दामागे काय काय दडलेले असते, ते येथे पाहू.

तालुक्याचे नाव केळापूर असले तरी त्याचा कारभार पांढरकवड्याहून चालतो. नागपूरहून हैदराबादेस जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि पाटणबोरी मागे टाकून, पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. महामार्ग सोडून आत वळले की काळी जमीन, कोरडवाहू कापूस, मधूनमधून सागाचे जंगल आणि गोंड, परधान, कोलाम या समाजांची गावे. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत कोलामांची गणना होते. पांढरकवड्यास एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तालुक्यात शाळा आहेत, आश्रमशाळाही आहेत. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची साक्षरता ऐंशी टक्क्यांहून अधिक भरली. मात्र जनगणनेच्या लेखी सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर, आणि गणना करणारा कोणाची परीक्षा घेत नाही. घरातील माणूस सांगेल ते तो नोंदवून घेतो.

शाळेचे एक वर्ष असते आणि कापसाचे दुसरे. ही दोन वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पावसाबरोबर सरकी टोबली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात. सर्व बोंडे एकदम फुटत नाहीत; म्हणून पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा असे काम जानेवारीपर्यंत, कधी त्याहीपुढे लांबते. आपल्याकडे ही वेचणी आजही हातानेच होते आणि मजुरी किलोवर मिळते. दिवसाच्या मजुरीत दहा वर्षांच्या मुलाला कोणी मोजत नाही. काट्यावर मात्र त्याने वेचलेले चार किलोही मोजले जातात. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग अर्धे रिकामे का दिसतात, याचे उत्तर त्या काट्यापाशी आहे.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे होती. पोडावरचा एक सातवीतला मुलगा दिवाळीला घरी गेला तो नाताळ उलटल्यावर परतला. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात रस नाही’ असा शेरा मारला आणि पुढील वर्षी त्याचा प्रवेश नाकारला. नंतर त्या बाजूस जाणे झाले तेव्हा कळले की, फवारणी करताना बाप आजारी पडला होता आणि वेचणीला आई व हा मुलगा अशी दोनच माणसे होती. मुलाने आम्हांला एक वही दाखविली. तीत पोडावरील सात-आठ घरांचे रोजचे वजन, दर, घेतलेली उचल आणि येणे बाकी लिहिलेले होते. मोठी माणसे हिशेबासाठी त्याच्याकडे येत. आम्ही त्या बेरजा तपासल्या, बिनचूक होत्या.

मुलीची गोष्ट आणखी निराळी. अंगणवाडी दिवसातील काही तासच चालते, आणि आई सकाळी शेतावर जाते ती सायंकाळी परतते. मधल्या वेळात धाकट्या भावंडाला कोणी तरी कडेवर घ्यावे लागते, आणि ते कोणी घ्यायचे हे घरात न बोलता ठरलेले असते. गावातली शाळा संपून पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावी जाण्याची वेळ आली की अंतराचा प्रश्न उभा राहतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठीच सोय. तथापि बस फाट्यावर थांबते आणि घर फाट्यापासून आत असते.

भाषेचा विषय थोडा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण शहरातील आपल्या वाचकांस तो सहसा दिसत नाही. कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातील भाषा आहेत. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. पाण्याला कोलामीत ‘ईर’ म्हणतात, गोंडीत ‘येर’. घरात केवळ हीच भाषा ऐकलेले सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते आणि फळ्यावरचे ‘पाणी’ वाचते. मराठी घरातल्या मुलाला अक्षर तेवढे नवे असते, शब्द जुनाच असतो. या मुलाला अक्षरही नवे आणि शब्दही नवा. ते गप्प बसते, आणि शिक्षक त्याला मंद समजतात. घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावयास सांगितले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य असेल तेथवर मातृभाषेचेच माध्यम असावे असे म्हटले आहे. ‘शक्य असेल तेथवर’ या शब्दांत बरेच काही अडकून पडते. पहिल्या दोन वर्षांत वर्गात त्या भाषेचे चार शब्द बोलणारे कोणी असले, तरी पुष्कळ फरक पडतो असा आमचा अनुभव आहे.

कागदपत्रांविषयी थोडे सांगतो. शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी जमातीचा दाखला लागतो, आणि तो मिळविण्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग जुन्या कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसील कार्यालयाचे खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक खेट्यामागे एका दिवसाची मजुरी बुडते. आजोबांची निरक्षरता अशी नातवाच्या आड येते. (आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो : अनुसूचित जमातीच्या सवलतींना धर्माची अट नाही. अनुसूचित जातींबाबत मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती कुटुंबे त्या सवलतींस मुकतात. या दोहोंत गल्लत करून काही पालक अर्जच करीत नाहीत.)

या जिल्ह्याविषयी लिहिताना शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा उल्लेख टाळता येत नाही. शासनाने २००६ पासून पात्र कुटुंबांना एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले : ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. पण जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, वसुलीचा तगादा होता की नव्हता, यावर पात्रता ठरते. ठेक्याने जमीन कसणारा आणि नातेवाइकाकडून पैसे घेणारा या चौकटीत बसत नाही. मागे राहिलेल्या घरात थोरला मुलगा एका रात्रीत कर्ता होतो. त्याची शाळा सुटते याची नोंद ‘गळती’ या सदरात होते, आणि आमच्या मते हा शब्द अत्यंत चुकीचा आहे. ते मूल गळलेले नसते. त्याला घराने ओढून घेतलेले असते.

हे सारे आजच कळले आहे असे नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यासाठी व शेतीच्या कामासाठी घरी लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दाखवून त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे मागितली होती. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांच्या अहवालाने, शाळांच्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा प्रभाव मुलांच्या प्रगतीवर अधिक दिसतो, असा निष्कर्ष मांडला. त्या निष्कर्षाचा एक सोयीचा अर्थही पुष्कळांनी काढला : घरच तसे, तर शाळा काय करणार? हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर कधी काळी उच्चारलेही आहे. परिस्थिती हे कारण असते तसे ते निमित्तही होऊ शकते. ‘असर’च्या पाहणीत २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, कोरोनानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले. शाळा बंद होताच इतकी घसरण होत असेल, तर शाळेचे बळही काही थोडे नाही. त्या काळात घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात शेतावर जाई आणि सायंकाळी परते, तोवर ऑनलाइन तास संपलेला असे.

पालक हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटले आणि आम्ही ते प्रवचनांतून वारंवार सांगतो. बोंडांच्या टोकांनी बोटे ओरखडलेली आई ते ऐकत असते. तिला अक्षर येत नाही, मुलाच्या वहीत काय आहे हे तिला कळत नाही. पण संध्याकाळी ‘आज काय शिकलास, मला सांग’ एवढे तिने म्हटले तरी मूल दिवसभराचे धडे एकदा उजळते. हे आम्ही पालकसभेत आवर्जून सांगू लागलो आहोत.

अर्जातील त्या रकान्याचे आता आम्ही तीन प्रश्न केले आहेत : घरी कोणती भाषा बोलतात, कापूस कोण वेचतो, धाकटी भावंडे किती. उत्तरे भरून घेण्यासाठी पालकांशी बोलावे लागते आणि एका अर्जाला वीस मिनिटे जातात, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. ज्याच्या घरी वेचणीला दोनच हात आहेत, त्याचे नाव आम्ही वेगळ्या वहीत लिहितो. नाताळपूर्वी मिस्सेसाठी पोडांवर जाणे होतेच. त्या वेळी ही वही आणि त्या मुलांची पुस्तके सोबत नेली जातात.