सफ सरळ करा
लेखमाला : शेजारओळख (लेखांक 9)

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की आठवड्यातून एकदा तरी एक वाक्य कानावर येतं : "काही म्हणा, त्यांच्यात एकी आहे. आपल्यात नाही." 'ते' म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. बोलणारा निम्मं कौतुकानं बोलतो, निम्मं धास्तीनं, आणि लगेच स्वतःच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून पेटलेल्या भांडणाची हकिगत सांगायला लागतो. मागच्या लेखांकात आपण जकात, म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान, पाहिली. आज ही एकी बघू.

त्यासाठी लांब जायला नको. या मैदानाचंच नाव 1927पर्यंत माहीम पार्क होतं. समुद्राच्या अंगाचा कॅडल रोड (पाटीवर स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग) धरून उत्तरेला चालत राहिलं की मखदूम अली माहिमींचा दर्गा लागतो. इ.स. 1372 ते 1431 हा त्यांचा काळ. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा विद्वान आपल्याच किनाऱ्यावरचा. डिसेंबरातल्या त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान असतो, हे दादरकरांना ठाऊक आहेच.

आपण मशिदीतली एक साधी गोष्ट बघू. सामूहिक नमाज सुरू होण्याआधी इमाम मागे वळून सांगतो : सफ सरळ करा, खांद्याला खांदा लावा, मध्ये जागा सोडू नका. सफ म्हणजे ओळ. जो आधी येईल तो पुढच्या सफेत. कट्ट्यावरून दिसते ती एकी या सफेची. पण सफेतली माणसं नमाज संपल्यावर कुठे जातात, हे कट्ट्यावरून दिसत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. 'उम्मा' म्हणजे जगभरच्या श्रद्धावानांचा एक समाज. सगळे श्रद्धावान एकमेकांचे भाऊ आहेत, असं कुराणाच्या 49व्या अध्यायात सांगितलं आहे, आणि त्याच ठिकाणी भावाभावांत तंटा झाला तर समेट घडवा, असंही बजावलं आहे. म्हणजे भाऊ म्हटलं की भांडण आलंच, हे तिथंही गृहीत धरलेलं आहे. भाऊबंद आणि भाऊबंदकी हे दोन शब्द एकाच घरातून निघाले, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

या बंधुत्वाचा पहिला प्रयोग इ.स. 622नंतर मदिनेत झाला. मक्केहून घरदार सोडून आलेला एकेक माणूस पैगंबरांनी मदिनेतल्या एकेकाचा भाऊ म्हणून जोडून दिला. साद बिन रबी हे मदिनेतले सधन गृहस्थ. त्यांच्या वाट्याला अब्दुर्रहमान बिन औफ आले. सादनी आपली अर्धी मालमत्ता पुढे केली. अब्दुर्रहमाननी आभार मानले आणि एवढंच विचारलं की बाजार कुठल्या बाजूला आहे. तूप आणि सुकं चीज विकत ते पायावर उभे राहिले. मुंबईत बोचकं घेऊन उतरलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. दोन दिवस पथारी टाकायला जागा आणि बाजाराचा पत्ता, यापलीकडे तो तरी काय मागतो?

मुंबईत हा पत्ता दिला तो 'जमातीं'नी. उम्मा ही कल्पना झाली. जमात म्हणजे नोंदवही, वर्गणी आणि निवडलेले पंच. बाणकोट-दाभोळचे कोकणी मुसलमान, कच्छी आणि हालाई मेमण, दाऊदी आणि सुलेमानी बोहरा, खोजे, इराणी, मदनपुऱ्यात हातमाग घेऊन आलेले उत्तरेकडचे मोमीन अशा कितीतरी जमाती. कुणाच्या घरात कोकणी, कुणाच्या कच्छी, कुणाच्या गुजराती, कुणाच्या उर्दू. आपली मशीद, आपला जमातखाना, अनेकांचं कब्रस्तानही आपलं. क्रॉफर्ड मार्केटजवळची, तळ्यावर कमानी टाकून 1802मध्ये उभी राहिलेली जामा मशीद कोकणी जमातीच्या कारभारातली. लग्नाला डेग, गरिबाच्या मुलाला फी, मयताला कफन हे सगळं जमात बघते. लालबाग-परळच्या चाळींत गावकीची खोली होती, गाववाल्यांची भिशी होती, तसंच हे.

नमाजातही फरक असतो. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, उत्तरेकडचे बहुतेक हनफी. दुपारनंतरच्या असर नमाजाची वेळ शाफईंच्या हिशेबानं वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की होते, हनफींच्या रूढ हिशेबानं दुप्पट वाढल्यावर. अनेक शिया नमाजी कपाळ टेकायला मातीची टिकली ठेवतात. बोहऱ्यांचं पंचांग गणितावर चालतं, चंद्र दिसण्यावर नाही. म्हणून त्यांचा रमजान बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी लागतो. त्याच बोहऱ्यांच्या पंगतीत एका थाळाभोवती सात-आठ जण बसतात, मिठाच्या चिमटीनं सुरुवात करतात आणि एक दाणा वाया जाऊ देत नाहीत. एका ताटात जेवणाऱ्या माणसांची ईद शेजाऱ्याच्या ईदेहून वेगळ्या दिवशी येते, ती अशी.

भाऊबंदकीचं उदाहरणही माहीममध्येच आहे. खोजा जमातीत दसोंद नावाची देणगी इमामाकडे, म्हणजे इथं पंथाच्या धर्मप्रमुखाकडे, पाठवायची रीत होती. 1830च्या सुमारास काहींनी ती द्यायला नकार दिला. या गटाला नाव पडलं 'बारभाई'. आपल्याला या शब्दानं पेशवाईतलं कारस्थान आठवतं. इथंही प्रकरण तेवढंच विकोपाला गेलं. 1840च्या दशकात हे इमाम, म्हणजे पहिले आगाखान, इराण सोडून मुंबईत आले आणि वाद आणखी पेटला. 1850मध्ये माहीमच्या जमातखान्यात बारभाई गटातले चार जण मारले गेले. पुढे जमातीची मालमत्ता कुणाची आणि खोजे मुळात कोण, हा प्रश्न मुंबई हायकोर्टात गेला. 1866मध्ये न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल दिला : खोजे शिया इमामी इस्माईली आहेत आणि आगाखान त्यांचे धर्मप्रमुख. ज्यांना हे पटलं नाही त्यांच्यातले काही सुन्नी म्हणून वेगळे झाले, काहींनी पुढे इस्ना अशरी शियांची वेगळी जमात उभी केली. एका जमातीच्या तीन झाल्या.

जी जमात हात देते, तीच वाळीतही टाकू शकते. मुंबई राज्यानं 1949मध्ये धार्मिक बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. डॉ. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी हा बहिष्कार प्रत्यक्ष सोसला. मयताला आणि लग्नाला आपलं माणूस येऊ नये, ही शिक्षा काय असते, हे जातपंचायतीचा जाच भोगलेल्या मराठी घरांनाही माहीत आहे.

मग या एवढ्या जमाती एकत्र आल्याच नाहीत का? आल्या. सीएसएमटीच्या समोर अंजुमन-ए-इस्लामची घुमटांची इमारत आहे. संस्था 1874मधली, इमारत 1893मधली. उभी करणाऱ्यांत होते बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, हे सुलेमानी बोहरा. नाखुदा महंमद अली रोगे, कोकणी. यांचा पंथ एक नव्हता, घरातली भाषाही एक नव्हती. इमाम कोण आणि असरची वेळ कुठली, हे प्रश्न त्यांनी दाराबाहेर ठेवले. मुलं शिकली पाहिजेत, एवढ्या एका कामावर एकमत केलं. तय्यबजी 1887मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अलीगढच्या सर सय्यद अहमद खानांनी काँग्रेसपासून दूर राहण्याचा आग्रह धरला. दोघे समाजाच्या शिक्षणासाठीच झटणारे, आणि राजकारणात दोघांची तोंडं दोन दिशांना.

कायद्यातली एकीही अशीच हळूहळू आली. 1847मध्ये खोजा आणि मेमण मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. कोर्टानं जमातीची रूढी मान्य केली, आणि ती रूढी हिंदूंसारखी, मुलींना वारसा न देणारी होती. 1937चा शरीयत कायदा आणि 1938चा कच्छी मेमण कायदा यांनी रूढीची जागा शरीयतीला दिली. तोवर धर्मानं दिलेला हिस्सा जमातीच्या चालीरीतीनं अडवून धरला होता.

रोटी एक झाली तरी बेटी बिरादरीतच, हेही आपल्या ओळखीचं. तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, शिकलगार, पिंजारी, कुरेशी ही आडनावं धंदा सांगतात, आणि धंद्यामागे उच्चनीच येतो. 1990च्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली, दिलीपकुमार त्यांच्या सभांना जाऊ लागले. मशिदीत सगळे समान, मग शाळेच्या आणि नोकरीच्या दारात का नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि बहिणी? 18 एप्रिल 1966 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. अर्धशतकानंतर, 2016च्या ऑगस्टमध्ये, हाजी अलीच्या मजारीपर्यंत स्त्रियांना जाऊ द्या, असा निकाल मुंबई हायकोर्टानं दिला. तो मागणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका उम्मा सोडायला निघाल्या नव्हत्या. तिच्यातली आपली जागा मागत होत्या.

कट्ट्यावरच्या मित्राला एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे त्यांच्यातही आपल्यासारखंच." मी म्हटलं, निम्मं बरोबर. भांडणं आपल्यासारखीच आहेत. फरक इतकाच, की ओळ सरळ करा असं त्यांना दिवसातून पाच वेळा सांगितलं जातं. आपोआप सरळ राहिली असती, तर सांगायची गरज पडली नसती.

तो काही बोलला नाही. टाकीच्या भांडणाची मीटिंग रविवारी आहे, म्हणाला, आणि उठला.

(पुढील लेखांकात : वक्फ म्हणजे काय?)