मोटारगाडीतील दमटपणा आणि संघनन

मोटारगाडीच्या बंद कक्षात बाष्पाचे प्रमाण वाढणे, आणि ते बाष्प थंड काचेवर सूक्ष्म जलबिंदूंच्या रूपात साचणे, यास मोटारगाडीतील दमटपणा व संघनन असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच 'काचेवर वाफ धरणे' किंवा 'फॉग येणे' म्हटले जाते. चालकास पुढचे न दिसणे हा याचा तात्काळ धोका होय. दुर्गंधी, बुरशी, पत्र्याचा गंज आणि विद्युत जोडण्यांतील बिघाड हे त्याचे दीर्घकालीन परिणाम आहेत. पुणे जिल्ह्यातील देहू, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात ही समस्या विशेषत्वाने जाणवते.

शास्त्रीय कारण

हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत ३०° सेल्सियस तापमानास सुमारे ३० ग्रॅम, २०° सेल्सियसला सुमारे १७ ग्रॅम, तर १०° सेल्सियसला सुमारे ९ ग्रॅम बाष्प मावू शकते. हवा थंड होत जाऊन ज्या तापमानास ती बाष्पाने संपृक्त होते, त्यास दवबिंदू तापमान म्हणतात. काचेचे तापमान लगतच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली गेले, की काचेवर पाणी साचू लागते.

लहान मोटारगाडीच्या कक्षाचे आकारमान सुमारे ३ घनमीटर धरल्यास, २०° सेल्सियस तापमानास त्यात जास्तीत जास्त ५२ ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता आधीच ८० टक्के असेल, तर केवळ १० ग्रॅमची जागा शिल्लक राहते. विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्ती श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला साधारणपणे ४० ते ५० ग्रॅम पाणी बाहेर टाकते. त्यामुळे काचा बंद असलेल्या आणि बाहेरची हवा न घेणाऱ्या गाडीत चार प्रवासी ही उरलेली जागा चार मिनिटांच्या आतच भरून काढू शकतात. ओल्या छत्र्या, रेनकोट, भिजलेले कपडे आणि पायपुसणी यांमुळे हा अवधी आणखी कमी होतो.

परिसरातील स्थिती

देहू हे इंद्रायणी नदीकाठी, सह्याद्रीचा घाटमाथा आणि पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश यांच्या दरम्यान वसलेले आहे. येथे लोणावळ्याइतका पाऊस पडत नाही. तथापि पावसाळ्यात ढगाळ हवा व रिपरिप दिवसेंदिवस टिकून राहते आणि गाडीतील ओल वाळण्यास पुरेसे ऊन मिळत नाही. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असल्याने काचा लवकर थंड होतात आणि नदीकाठी उभ्या केलेल्या गाड्यांवर पहाटे दव पडते.

संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीस होते. हा काळ बहुधा पावसाच्या सुरुवातीचा असतो. भिजलेल्या प्रवाशांनी भरलेली वाहने आणि रस्त्याच्या कडेने चालणारे वारकरी एकाच मार्गावर असताना काचेवर वाफ धरणे विशेष धोकादायक ठरते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या भरलेल्या बसगाड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

वाफ आतून की बाहेरून

उपाय योजण्यापूर्वी वाफ काचेच्या कोणत्या बाजूस आहे हे ओळखणे आवश्यक असते, कारण दोहोंवरील उपाय परस्परविरुद्ध आहेत.

आतील वाफ: पावसाने किंवा थंड वाऱ्याने काच गार होते आणि आतील दमट हवा तिच्यावर संघनित होते. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्यास येताना सुमारे ५०० मीटरहून अधिक उंची गाठली जाते. कोकणातील उष्ण-दमट हवा गाडीत कोंडलेली असल्यास घाटमाथ्यावरील गारव्यात काच आतून धूसर होते.

बाहेरील वाफ: वातानुकूलन यंत्राचा थंड झोत पुढील काचेवर सतत पडल्याने काच बाहेरील हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड होते. हाच घाट उतरताना कोकणातील दमट हवा अशा काचेवर बाहेरून साचते. या वेळी आतून कितीही पुसले तरी काच स्वच्छ होत नाही.

तात्काळ उपाय

आतील वाफेसाठी वातानुकूलन यंत्र सुरू करून तापमानाची कळ उष्ण बाजूस ठेवावी, झोत पुढील काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा. यंत्रातील थंड जाळीवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. अशी कोरडी झालेली हवा नंतर तापवली जाते व ती काचेवरील ओल शोषून घेते. आतलीच हवा पुनःपुन्हा फिरवण्याचा पर्याय चालू राहिल्यास बाष्प बाहेर पडत नाही. यंत्र बंद करून पंखा तसाच ठेवल्यास ओल्या जाळीवरील पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि काच अकस्मात धूसर होऊ शकते.

बाहेरील वाफेसाठी वायपर चालवावा, झोत काचेवरून हटवावा आणि कक्षाचे तापमान वाढवावे.

हाताने काच पुसल्यास तेलकट थर राहतो व समोरील दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरतो. दिसेनासे झाल्यास वाहन रस्त्याच्या कडेस सुरक्षितपणे थांबवणे हाच योग्य मार्ग होय.

पाणी शिरण्याचे मार्ग

काचेवर कोरड्या दिवसांतही वारंवार वाफ धरत असल्यास गाडीत कोठेतरी पाणी मुरत असण्याची शक्यता असते. त्याची सामान्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

• पुढील काचेच्या पायथ्याशी असलेली निचऱ्याची छिद्रे पालापाचोळ्याने तुंबणे.
• वातानुकूलन यंत्राची निचरा नळी तुंबल्याने पाणी पुढील आसनाच्या पायाशी साचणे.
• दारांच्या रबरी पट्ट्या कडक होणे किंवा फाटणे.
• दारांच्या तळाची छिद्रे चिखलाने बंद होणे.
• छतास उघडणारी काच असल्यास तिच्या निचरा नळ्या तुंबणे.

साचलेले पाणी स्वच्छ व गंधहीन असल्यास ते बहुधा पावसाचे किंवा वातानुकूलन यंत्राचे असते. त्यास गोडसर वास व तेलकटपणा असल्यास, आणि काचेवर चिकट वाफ धरत असल्यास, इंजिनाच्या शीतक द्रवाची गळती संभवते. मोटार कारखान्यांत तयार गाडी पाण्याच्या फवाऱ्याखाली नेऊन अशा गळतीची तपासणी केली जाते. घरीही एकाने आत बसून व दुसऱ्याने बाहेरून खालून वर क्रमाने पाणी सोडून गळतीची जागा शोधता येते.

दीर्घकालीन निगा

ओली पायपुसणी काढून वेगळी वाळवावीत. जाड गालिच्याखालील स्पंजात पाणी दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे वरून कोरडा वाटला तरी गालिचा उचलून पाहणे आवश्यक असते. आसनांखालील पिवळ्या आवरणाच्या जोडण्या सामान्यतः एअरबॅगच्या असतात. त्यांना स्वतः हात लावू नये. सिलिका जेलच्या पिशव्या थोडी आर्द्रता शोषतात, परंतु गळती कायम असल्यास त्यांचा उपयोग होत नाही. हवेची गाळणी वेळोवेळी बदलावी. काच आतून स्वच्छ असल्यास वाफ कमी धरते. बुरशीच्या बीजाणूंमुळे दमा व ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून केवळ सुगंधी द्रव्याने वास झाकणे पुरेसे नाही.

पुराचे पाणी

पुराचे पाणी गाडीत शिरणे ही वेगळी व अधिक गंभीर बाब आहे. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी परिसर मुठा नदीच्या पुरात सापडला, तेव्हा तेथील वाहनेही पाण्यात बुडाली होती. अशी गाडी सुरू करून पाहू नये. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास इंजिनाचे भाग वाकू शकतात. बॅटरीची जोडणी काढून वाहन ओढून कार्यशाळेत न्यावे.

हे सुद्धा पहा

• सापेक्ष आर्द्रता
• दवबिंदू
• वातानुकूलन
• इंद्रायणी नदी