प्रसंग सरेपर्यंत

गणपतीपुळ्याला अंगारकीची गर्दी होती. भरतीच्या पाण्यात उतरलेल्यांना हवालदार शिट्ट्या मारून बाहेर काढत होते. कमरेएवढ्या पाण्यातून एकानं ओरडून विचारलं, "कुठल्या कायद्यानं?" उत्तर म्हणून पुन्हा शिट्टी वाजली. तो निमूट बाहेर आला. त्याचा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या मागे आहे.

अटकेतले हक्क आता पुष्कळांना ठाऊक असतात: कारण सांगायला हवं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यायला हवं. पण पुळणीवर ना गुन्हा होता, ना अटक. होता तो नुसता हुकूम, आणि त्याचं मूळ १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमात आहे (आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय). लोकांवर येणारा अपघात किंवा धोका टाळण्यासाठी झटणं हे कलम ६६नं पोलिसांचं कर्तव्य ठरवलं. ते बजावताना दिलेला वाजवी निर्देश सर्वांनी पाळावा, असं कलम ६८ सांगतं. न पाळणाऱ्याला रोखता येतं, हलवता येतं. दंडाधिकाऱ्यापुढे नेता येतं किंवा, बाब किरकोळ असेल तर, प्रसंग सरल्यावर सोडता येतं. हे कलम ६९.

या शेवटच्या दोन कलमांवर फारसं कुणी बोलत नाही. १ जुलै २०२४ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम १७२ वाचताना मी थबकलो. आपलीच ६८-६९ देशभर निघाली होती! दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळीओळीनं वाचले. 'वाजवी'च्या जागी 'कायदेशीर' आलंय. 'प्रसंग सरल्यावर' गेलंय. त्याऐवजी शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत. मला 'वाजवी' गेल्याचं दुःख आहे. हुकूम कायदेशीर आहे का, हे वकिलाला विचारावं लागतं. वाजवी आहे का, हे पाण्यात उभ्या माणसालाही कळतं. हवालदाराला फक्त एवढंच सांगायचं होतं, "दादा, ओढ आहे, बाहेर या."

पण 'प्रसंग' कधी सरला, हे कोण ठरवणार? याच रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात लोक उठले तेव्हा जमावबंदीचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनाही जिल्ह्यात यायला मनाई झाली. ज्यांनी आयुष्यभर असे आदेश तपासले, त्यांनाच वेशीवर अडवलं, याचा मला आजही राग येतो. त्याच आंदोलनात १८ एप्रिल २०११ला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला.

१९५१च्याच अधिनियमातलं शस्त्रबंदी-जमावबंदीचं कलम ३७ रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत नेहमी भेटतं. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून आता मी आधी तारीख वाचतो: कधीपासून, कधीपर्यंत. मग कारण वाचतो. सण, उत्सव, आंदोलनं, तीच यादी. पंधरवडा संपला की नव्या तारखांचा आदेश छापून येतो आणि मी आधीच्याचं कात्रण काढून त्याच्याशेजारी ठेवतो.

पुळ्याच्या त्या माणसाचा प्रसंग दहा मिनिटांत सरला होता. ओल्या कपड्यांनीच तो डोंगराच्या प्रदक्षिणेला लागला.