अथेन्सचा जावई आणि वाऱ्यांचा मनोरा

वारा डोळ्यांना दिसत नाही. पण तो घरावरचे पत्रे उडवतो, समुद्रात होड्या बुडवतो. जे दिसत नाही, ज्याचे कारण कळत नाही, त्याची माणसाला भीती वाटते. अशा भीतीतूनच देव जन्माला येतात. प्राचीन ग्रीस देशातही हेच घडले.

ग्रीकांनी दिशादिशांच्या वाऱ्यांना देव केले. उत्तरेचा वारा बोरिअस हा पंखवाला, दाढीवाला आणि मोठा तापट. त्याने अथेन्सच्या राजाची मुलगी ओरिथिया पळवून नेली, अशी कथा आहे. म्हणून अथेन्सचे लोक त्याला आपला जावई मानीत. इ.स.पू. ४८० मध्ये इराणच्या बादशहाचे आरमार चालून आले, तेव्हा त्यांनी या जावयाचाच धावा केला. वादळ झाले, शेकडो गलबते फुटली. लोकांनी कृतज्ञतेने नदीकाठी बोरिअसचे देऊळ बांधले. इतिहासकार हिरोडोटस ही हकीकत सांगतो. पण वादळ धाव्यामुळेच आले का, हे मला सांगता येत नाही, असेही तो प्रामाणिकपणे लिहितो.

पुढे याच अथेन्समध्ये अँड्रोनिकस नावाच्या माणसाने संगमरवराचा अष्टकोनी मनोरा बांधला. सुमारे दोन हजार वर्षांचा, ४० फूट उंचीचा हा मनोरा आजही उभा आहे. त्याच्या आठ बाजूंवर आठ वारे उडत्या माणसांच्या रूपात कोरले आहेत. दक्षिणेचा नोटोस घागर उपडी करतो, कारण तो वारा पाऊस आणी. ईशान्येचा कैकिअस गारांनी भरलेली ढाल धरतो. पश्चिमेच्या झेफिरोसच्या ओच्यात वसंताची फुले आहेत.

पण इथे नुसता नवस नव्हता. माथ्यावर काशाची फिरती मूर्ती होती. वारा ज्या दिशेने येई, त्या वाऱ्याच्या चित्रावर तिच्या हातातली काठी येऊन थांबे. भिंतींवर सूर्यघड्याळे होती, आत पाण्याचे घड्याळ होते. ज्याला लोक हात जोडीत, त्याचीच दिशा ते आता पाहू लागले.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दैवी चमत्कारांवरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते, ते शोधावे, हीच तथागतांची शिकवण. आपल्या मुलांनी ‘वारा का सुटतो?’ असे विचारले, तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्यासोबत बसून उत्तर शोधा.