लकवा झालेल्याला चालवणारा रोबो. पहिले तीन महिने मोलाचे

अंबरनाथ : अंगावरून वारं गेलं की अजूनही बऱ्याच घरांत माणसाला खाटेवर निजवून तेल चोळत बसतात. मोलाचा वेळ तिथेच जातो.

काही मोठ्या रुग्णालयांत आता चालायला शिकवणारा रोबो आहे. रुग्णाला पट्ट्यांनी वरून धरतात, पायांना यंत्राचे पाय बांधतात, खाली पट्टा सरकतो. एका बैठकीत शेकडो पावलं पडतात आणि मेंदूचा शाबूत भाग चालणं पुन्हा शिकतो. पण नुसतं यंत्र पुरत नाही, सोबत फिजिओथेरपी लागतेच. अजिबात चालता न येणाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत जास्त फायदा होतो, असं चाचण्यांत दिसलंय.

रोबो परवडला नाही तरी, डॉक्टरांनी हो म्हटलं की व्यायाम सुरू करावा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पालेगावकरांनी अंबरनाथहून लोकल धरून दादरला गाडी बदलावी, महालक्ष्मीला उतरावं. जाताना रुग्णालयाचे कागद सोबत ठेवावेत.