गुण शून्य, तरी भरती

समजा, सालवडला राहणारा, तारापूर एमआयडीसीत पाळी करणारा तिशीतला कामगार चार दिवसांच्या फ्लूनंतर धापा टाकत बोईसरच्या एखाद्या कॅज्युअल्टीत आला. न्यूमोनिया किती गंभीर, हे ठरवायला डॉक्टर ‘कर्ब-65’ मांडतात: बरळणं, रक्तात युरिया डेसिलिटरला 42 मिलिग्रॅमच्या वर, मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास, वरचं बीपी 90 च्या खाली किंवा खालचं 60 वा कमी, वय 65 वा पुढे. प्रत्येकी एक गुण. 0-1 ला सहसा घरी, 2 ला भरती, 3 पासून आयसीयूचा विचार. लॅब बंद असेल तर युरिया सोडून चार खुणांवरही भागतं.

याचे श्वास 28, बीपी 110/70, बोलणं नीट, युरियाही ठीक. गुण शून्य! पण ऑक्सिमीटर 88 दाखवतो, आणि 2003 च्या या गणितात ऑक्सिजनला जागाच नाही. देशाच्या 2021 च्या कोविड निकषांत 90 च्या खाली म्हणजे थेट ‘गंभीर’. 2009 च्या स्वाइन फ्लूतही धडधाकट तरुण अत्यवस्थ झाले होते. वयाला गुण देणारी मोजपट्टी तिथे तोकडीच.

हे आकडे खरे यायला श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, तेही न सांगता. बोटं नाडीवर, नजर छातीवर. सांगितलं की पेशंट लय बदलतो. ऑक्सिमीटर लावताना पेशंटचं बोट गार असेल तर चोळून ऊब आणावी, नेलपॉलिश पुसावं, मगच आकडा धरावा.