सालसा : उगम कोठे, नाव कोणाचे?



गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलामुलींनी सालसा नृत्य सादर केले, ते तुम्हांला स्मरत असेलच. पडदा पडल्यावर पाचवीतील एका चिमुरडीने मला विचारले, "बाई, हा नाच कुठल्या देशाचा?" मी उत्तर देण्यापूर्वीच एकजण म्हणाला, "क्यूबाचा." दुसऱ्याने त्याला लगेच खोडून काढले, "छे, न्यूयॉर्कचा!" मौज अशी की, हाच वाद जाणते संगीतकारही गेली पन्नासाहून अधिक वर्षे घालीत आले आहेत. तो मिटत का नाही, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. 'सालसा' हा स्पॅनिश शब्द असून त्याचा साधा अर्थ जेवणातील चटणी किंवा मसालेदार रस्सा असा आहे. क्यूबातील इग्नासियो पिन्येरो या रचनाकाराने 1933 च्या सुमारास आपल्या एका गीतात या चवीचा उल्लेख केला होता. पुढे व्हेनेझुएलातील नभोवाणीवर 1960 नंतरच्या दशकात हा शब्द संगीतासाठी ऐकू येऊ लागला. परंतु एका विशिष्ट संगीताचे नाव म्हणून तो जगभर गेला, तो 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधून.

नाव असे अलीकडचे असले, तरी त्यामागील संगीत पुष्कळ जुने आहे. क्यूबा हे उसाच्या मळ्यांचे बेट. त्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली, आणि ही अमानुष प्रथा तेथे 1886 पर्यंत टिकून होती. या माणसांजवळ स्वतःचे असे काही उरले नव्हते. उरला होता तो केवळ ताल. मालक लोकांजवळ स्पेनची गिटार आणि स्पॅनिश गीते होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटाच्या पूर्व भागात या दोहोंच्या संगमातून 'सोन' नावाचा गीतप्रकार जन्मास आला. 1910 च्या सुमारास तो राजधानी हवानात पोहोचला. पुढे आर्सेनियो रॉड्रिगेझ या अंध वादकाने 1940 नंतरच्या काळात त्यात पियानो, अधिक तुताऱ्या आणि कोंगा हे उंच ढोल यांची भर घालून त्याला भारदस्त रूप दिले.

या संगीताचा प्राण म्हणजे 'क्लावे'. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली. कठीण लाकडाच्या दोन आखूड दांड्या एकमेकींवर वाजवून हा ठेका धरतात. तो समजण्यास वाद्याची मुळीच आवश्यकता नाही. एक ते सोळा असे संथपणे मोजा आणि 1, 4, 7, 11 व 13 या अंकांवर टाळी द्या. आपल्या तीनतालातही सोळाच मात्रा. पण तेथे चार-चारांचे समान विभाग असतात. येथे मात्र टाळ्यांमधील अंतर 3, 3, 4, 2, 4 असे विषम आहे. पहिल्या अर्ध्या भागात तीन आघात आणि दुसऱ्या भागात दोन. या विषमतेमुळेच ऐकणाऱ्याचे पाय स्वस्थ राहत नाहीत. वादक कितीही असोत, प्रत्येकाला या किल्लीशी इमान राखावे लागते.

आता हे संगीत सागर ओलांडून कसे गेले ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये 1940 साली माचितो या गायकाच्या वाद्यवृंदाने क्यूबन ताल आणि अमेरिकन जाझ यांचा मेळ घातला. पुढे 1950 नंतरच्या दशकात तेथील पॅलेडियम नृत्यगृहात 'माम्बो' नृत्याने लोकांना वेड लावले. 1959 मध्ये क्यूबात क्रांती झाली, दोन्ही देशांचे संबंध तुटले आणि कलावंतांचे जाणेयेणे जवळजवळ थांबले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी मग तोच धागा आपल्या हाताने पुढे विणला. त्यांत बहुसंख्य पोर्तो रिको बेटाच्या कुळातील होते. 1964 मध्ये डोमिनिकन वंशाचे जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी 'फानिया' ही ध्वनिमुद्रिकांची संस्था काढली आणि 'सालसा' हे नाव तिच्याच प्रसारामुळे रूढ झाले.

वाद पेटतो तो येथेच. क्यूबन संगीतकार म्हणतात, "हे तर आमचेच सोन, केवळ नवी चिठ्ठी डकवली आहे." त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. संबंध तुटल्यानंतरच्या काळात कित्येक ध्वनिमुद्रिकांवर मूळ क्यूबन रचनाकाराचे नावच नव्हते. त्या जागी केवळ 'हक्क राखीव' या अर्थाची दोन अक्षरे असत. गीत जगभर वाजावे आणि रचणाऱ्याच्या पदरी ना नाव ना मोबदला, ही गोष्ट लहान नव्हे. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले थोर तालवादक टिटो प्वेन्ते यांनाही हे नाव रुचत नसे. सालसा ही खाण्याची वस्तू आहे, वाजवण्याची नव्हे, अशा अर्थाचे ते बोलत.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. न्यूयॉर्कच्या वादकांनी ट्रॉम्बोनचा खडा स्वर आणला, पोर्तो रिकोच्या 'बोम्बा' व 'प्लेना' या लोकप्रकारांचे रंग मिसळले आणि शहरातील गरिबांची सुखदुःखे गीतांत गुंफली. विली कोलोन आणि पनामाचे रुबेन ब्लेड्स यांची 1978 ची 'सिएम्ब्रा' ही ध्वनिमुद्रिका याचे उत्तम उदाहरण होय. याला निव्वळ नक्कल कसे म्हणावे?

नृत्याच्या शैलींतही हेच वैविध्य दिसते. सामान्यतः आठ मोजण्यांत सहा पावले टाकतात. चौथी व आठवी मात्रा विरामाची. क्यूबाच्या 'कासिनो' शैलीत जोडीदार एकमेकांभोवती वर्तुळाकार फिरतात, आणि अनेक जोड्यांनी रिंगण केले की एकाच्या पुकाऱ्यावर सारे जोडीदार बदलतात. लॉस एंजेलिसमध्ये सरळ रेषेत, पहिल्या मात्रेवर दिशा बदलतात. न्यूयॉर्कमध्ये ती दुसऱ्या मात्रेवर बदलण्याची रीत विशेष रूढ आहे. कोलंबियातील काली शहराचे नर्तक आपल्या पायांच्या विलक्षण चपळाईसाठी प्रसिद्ध आहेत.

वस्तुतः येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : बीज कोठले आणि झाड कोठे वाढले? पहिल्याचे उत्तर मुख्यतः क्यूबा. दुसऱ्याचे न्यूयॉर्क, पोर्तो रिको आणि इतरही अनेक गावे. सेलिया क्रूझ या गायिकेने 1960 मध्ये क्यूबा सोडले. पुन्हा तेथे राहणे तिच्या नशिबी आले नाही. तरीही जग तिला 'सालसाची राणी' म्हणते. तिच्या एका कंठात ही दोन्ही उत्तरे नांदत होती.

घरी कोंकणी बोलणारी आणि वर्गात मराठी शिकवणारी मी या वादाकडे परकेपणाने पाहू शकत नाही. 'हे मुळात आमचेच' आणि 'हे आता आमचे' ही दोन वाक्ये आपल्याकडेही ऐकू येतात. जे घेतले ते प्रेमाने वाढवावे, परंतु ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पुसू नये, एवढेच मला यातून समजले. म्हणून पुढील संमेलनात सालसा सादर कराल, तेव्हा निवेदनात क्यूबाच्या त्या मळ्यांचेही नाव घ्या. त्या चिमुरडीच्या प्रश्नाला तेच खरे उत्तर होईल.